समोरच्या भावजींची बेल

आमच्या समोरच्या भावजींइतका संशयी माणूस अख्ख्या कोलकात्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर भावजी आधी त्याच्यावर संशय घेतील. गार्डन रीचच्या जहाजबांधणी कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. ते निवृत्त झाले, त्यांचा संशय झाला नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते समजावत, "वहिनी, धोका आणि जोखीम यांत गल्लत करू नका. ओली फरशी हा धोका. तिच्यावरून तुम्ही चहा घेऊन धावणार, ही जोखीम. शक्यता पाचपैकी किती, इजा पाचपैकी किती, करा गुणाकार." बंगालीत जोखमीला 'झुंकी' म्हणतात हे कळल्यापासून तर गॅलरीतून कुणी वाकलं की ते खालून ओरडत, "हीच ती झुंकी!" फुचक्याच्या, म्हणजे इथल्या पाणीपुरीच्या, पाण्याला त्यांनी जोखमीचे पंचवीसपैकी वीस गुण दिले होते. आमच्या सत्यनारायणाला समईशेजारी वाळूची बादली आणून ठेवली, गुरुजी बघतच राहिले, तर म्हणाले, "देव भक्तांचा असतो, आग कुणाचीच नसते."

रोज सकाळी साडेसातला त्यांची बेल वाजे. एकच प्रश्न, "गॅस?" मी "बंद!" म्हटलं की स्वारी परत. माझ्यावर एवढा अविश्वास, म्हणून मला रागच यायचा. त्यांनी मला एक चिकटवलेलं पाकीटही देऊन ठेवलं होतं, वर 'आणीबाणीतच उघडा'. आणखी सूचना असणार, म्हणून मी ते न उघडता फ्रिजवर टाकून ठेवलं.

गेल्या महिन्यात एका सकाळी बेल वाजलीच नाही. आठ झाले. मी त्यांची बेल वाजवली, फोन केला. तो आत नुसताच वाजत राहिला. तेव्हा पाकीट आठवलं. त्यात त्यांच्या दाराची किल्ली होती आणि एक कागद: 'धोका: एकटं राहणं. शक्यता पाच, इजा पाच. उपाय: रोज साडेसातला समोर बेल. वाजली नाही, तर वहिनी येतील.'

मी किल्ली लावून आत धावले. भावजी न्हाणीघराच्या दाराशी पडले होते, पाय मोडलेला. मला बघून म्हणाले, "जपून वहिनी, फरशी ओली आहे." मला हसू आलं आणि रडूही.

भावजींची मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. समोरच्या दाराला कुलूप आहे, बघवत नाही. आता साडेसातला मीच फोन लावते आणि ते 'हॅलो' म्हणायच्या आत विचारते, "गॅस?"

पलीकडून "बंद!" आलं की मगच मी चहा ठेवते.