गव्हाएवढा चुना

वहिनी, कडेगावच्या स्टँडवर एस.टी. सुरू झाली तेव्हा तुम्ही खिडकीतून हात घालून हिराच्या मुठीत पितळेचं चुनाळं कोंबलं होतं. "शेहरातलं पाणी पातळ असतंय गं. रोज गव्हाएवढा चुना खात जा, हाडं झिजायची न्हाईत," म्हणाला होतात. आमच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ट्रंक, वळकटी आणि ते चुनाळं घेऊन आम्ही माधवनगरला उतरलो. हिरा तासगावपर्यंत रडली. मी रडलो नाही. मला गाव नकोच होतं, हे आज लिहितो.

मग जन्म गिरणीच्या भोंग्यावर गेला. भोंगा झाला की मागावर, भोंगा झाला की घरी. गावाकडून कंडक्टरच्या हाती तुमचा डबा यायचा, कळीचा चुना विरवून फडक्यातून गाळलेला. इथं बाजारात मिळायचा, पण हिराला तुमचाच लागायचा. तिला गाव तेवढंच उरलं होतं.

गिरणी बंद पडली त्याच साली हिराच्या छातीतली गाठ सांगलीच्या दवाखान्यात काढली. वर्षभर बरी होती. मग पाठ धरली, कंबर धरली. तुमचा निरोप आला, "आवं, दोन गव्हाएवढा द्या." दिला. दह्यात कालवून रोज दिला. हिरा कळशीभर पाणी प्यायची तरी तहान जाईना. चार-चार दिवस पोट साफ होईना. एके दुपारी मला आण्णा म्हणाली, स्वतःच्या बापाची हाक. तसंच रिक्षात घालून नेलं.

रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅल्शियम फार वाढलंय. बाहेरचं काही औषध देताय का?" मी नाही म्हणालो. खोटं बोललो नाही. चुन्याला औषध कोण म्हणतं? आणि संध्याकाळी त्याच खाटेवर दही भरवलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी चुनाळं बघितलं.

"आजोबा, हे काय?"

"चुना हाय. हाडांसाठी."

बाई स्टुलावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात सांगितलं, गाठ हाडात उतरली आहे, हाडं विरघळून त्यांतलं कॅल्शियम रक्तात येतंय. त्यातच मी रोज वरून भर घालत होतो.

"मग म्याच मारतोय व्हय तिला?"

"नाही. दोन गव्हाएवढ्यानं एवढं वाढत नाही. पण आता बंद करा."

बंद केला. पण ते 'नाही' माझ्या गळ्याखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, ही गाठ थांबत का नाही? बाईंनी केसपेपरच्या पाठीवर गोल काढला. ही पेशी, म्हणाल्या, अंगातली सगळ्यात लहान खोली. कॅल्शियम हाडात असतं तसं या खोलीच्या दाराबाहेरही थांबलेलं असतं. दार क्षणभर उघडतं, थोडं आत येतं, की पेशीला हुकूम कळतो. वाढ, काम कर, किंवा तुझी पाळी संपली, मर. मग ते बाहेर हाकलायचं, पुढच्या हुकमासाठी. कॅन्सरच्या पेशीत ही दारंच बिघडतात. वाढायचा हुकूम ती ऐकते, मरायचा ऐकत नाही.

"म्हंजी भोंगाच की," मी म्हणालो.

बाई पहिल्यांदा हसल्या. "हो आजोबा, भोंगाच. पण हा पेशीच्या आतला. तुमच्या चुन्यानं तो वाजतही नाही, बिघडतही नाही."

शाळेत चार बुकं झाली तेवढीच, पण हे कळलं. गिरणीचा शेवटचा भोंगा झाला तेव्हा आम्ही शेकडो माणसं माना खाली घालून घरी गेलो. एकानंही माग सोडायला नकार दिला नाही. आणि हिराच्या अंगातली ती बेणी शिफ्ट संपली तरी हटेनात.

सलाईननं कॅल्शियम उतरलं. आठ दिवस तिनं मला नवरा म्हणून ओळखलं. एकदा विचारलं, "चुनाळं कुठं हाय?" घरी आहे म्हणालो. माझ्या खिशात होतं. पुढं ती गेली.

दहाव्याला तुम्ही आलात. चार बायकांसमोर म्हणालात, "शेहरानं खाल्ली माझ्या जावंला." आणि जाताना चुन्याचा नवा डबा ठेवलात. मी तो घेतला. तोंडातून शब्द काढला नाही. चूक चुना दिल्याची नाही वहिनी, ही आहे.

कारण परवा तुमचं कार्ड आलं. तुमच्या लेकीच्या, सुमनच्या छातीत गाठ आहे, चुना-गुळाचा लेप चालू आहे, पाठ दुखते म्हणून पोटातही देतोय, काळजी नसावी. मी ते चार वेळा वाचलं. वहिनी, तो लेप धुऊन काढा. गाठ कसली हे तुम्हाला कळत नाही, मलाही नाही. ज्यांना कळतं ते इथं आहेत. सकाळच्या गाडीनं सुमनला घेऊन या.

गावाकडं परत या म्हणून तुम्ही दर कार्डात लिहिता. मी येत नाही. मला आता घर म्हणजे ही माधवनगरची खोली, कारण इथून दवाखाना रिक्षानं वीस मिनिटांवर आहे. हिराची खाट रिकामी आहे. गोधडी धुऊन उन्हात टाकली आहे. मी स्टँडवर उभा राहीन.

या वेळी डबा आणू नका.