इड्वलच्या आजोबांची घोडी

आमच्या इड्वलने एक्केचाळीस वर्षं नाताळात गावभर फिरणाऱ्या मारीचं, म्हणजे घोडीच्या सोंगाचं, डोकं वाहिलं. काठीवर घोड्याची कवटी, खाली पांढरी चादर, चादरीत तो. तेवढ्या वर्षांत त्याने आतून एक शब्द काढला नाही, कारण मारी बोलत नाही. तिने जबडा खटखटवायचा. दारोदार घरवाल्यांशी गाण्यातलं भांडण लगाम धरणाऱ्या म्यूरिगने करायचं. ज्याला उत्तर सुचत नाही तो हरला. घरवाले हरले की दार उघडायचं आणि सगळ्यांना खायला घालायचं. इड्वल घरीही मुखदुर्बळच, म्हणून त्याला हे काम जमलं, असं माझं मत. मी त्याची बायको, नेस्टा.

एका विषयावर मात्र त्याचं तोंड थांबत नसे. मारीची चाल आली कुठून? शाळेचे मास्तर म्हणतात, येशूच्याही आधीची. पोस्टातली टुडफिल म्हणते, मेरीमातेची. चॅपेलमधले म्हणतात, सैतानाची. इड्वल म्हणायचा, "तुमचं चालू द्या. आमची मारी कोण, ते मला ठाऊक आहे."

ती म्हणे त्याच्या आजोबांची करडी घोडी, सेरेन. बर्फाच्या वादळात बेशुद्ध आजोबांना तिने गाडीसकट घरी आणलं. ती मेल्यावर त्यांनी तिला परसात चुन्यात पुरलं आणि पुढच्या नाताळात डोकं उकरून काढलं. इड्वलला आईबाप नव्हते, या आजोबांनीच वाढवलं. मागे ठेवलं काय, तर एक बंद घड्याळ आणि ही गोष्ट.

या डिसेंबरात कुत्र्याचा कान बघायला गुरांची डॉक्टरीणबाई आली. मी टेबलावर कवटीला फिती शिवत होते. चहा पिता पिता ती वाकून बघायला लागली आणि इड्वलला म्हणाली,

"मिस्टर प्रोथेरो, रागावू नका, पण ही घोडी नाही. घोडा आहे. हे सुळे बघा ना. घोडीला एवढे मोठे सहसा नसतात."

झालं! पोरगी गेली आणि तो 'सहसा' आमच्या घरात मुक्कामाला राहिला.

"सहसा म्हणजे शंभरात किती?" सकाळी लापशी खाताना इड्वलने विचारलं.

"मला काय विचारतोस? मी घोडी आहे का?"

"आजोबांनी भलतंच डोकं उकरलं असेल? की सेरेन नव्हतीच?"

काय सांगणार? त्याचा म्हातारा आजोबा गळाला लागलेले मासे हातभर वाढवून सांगायचा, हे मलाही आठवत होतं. पण ही गोष्ट सांगताना तो रडायचा, तेही आठवत होतं. सेरेनची बाकीची हाडं शोधायला इड्वलने गोठलेलं परस कुदळीने खणून काढलं. एक बूट सापडला आणि कोणाची तरी मांजर.

"मग इतकी वर्षं मी डोक्यावर घेतलं कोणाला, नेस्टा?"

यंदा जाणार नाही, म्हणाला. तो नाही तर मारी नाही. तो जबडा दुसऱ्या कोणाला वाजवताच येत नाही. निघायच्या दिवशी म्यूरिग येऊन टोपी हातात धरून नुसता उभा राहिला. इड्वलने कवटी उचलली. चादर ओढून घेतली आणि गेला.

शेवटचं घर नेहमी आमचंच. मी आतून कडी लावून तयार. म्यूरिगचं एक कडवं, माझं एक. चांगलं रंगलं होतं, आणि माझी मेली जीभ घसरली:

"घोडा आलाय की घोडी, आधी नीट ठरवा,
मगच माझ्या दाराशी जबडा तुमचा वाजवा!"

बाहेर हशा पिकला. म्यूरिगला उत्तर सुचेना. जबड्याची खटखटही थांबली. मी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात चादरीतून आवाज आला.

"मला खरंच माहीत नाही गं, नेस्टा. पण बाहेर फार गार आहे."

याला काय उत्तर द्यायचं, मला सुचेना. मी कडी काढली.