दाजींनी पाठवलेली बातमी

शहराच्या टोकाला असलेल्या वजनकाट्यावर पडदेवाल्यांची उभी हयात गेली. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला. मधला फरक तो माल. केबिनच्या काचेला त्यांनी अर्धा पडदा लावून घेतला होता. चाकं दिसावीत, चालकाचा चेहरा दिसू नये, एवढाच. "ओळखीचा दिसला की हात सैल पडतो, नावडता दिसला की आखडतो," असं ते म्हणत. नाव त्यावरूनच पडलं.

महामारीत टीव्ही, पेपर आणि मोबाइल यांनी मिळून लोकांचं डोकं उठवलं, तेव्हा घरची मंडळी प्रत्येक बातमी त्यांच्याकडे आणत. कोण सांगतंय, स्वतः पाहिलंय का, सांगून त्याचा फायदा काय, एवढं विचारून ते निकाल देत. दाजींच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या, बातम्या मात्र न वाचताच उडवत. दाजींनी नुसत्या गुळण्यांनी महामारी कितीदा तरी संपवली होती.

एका सकाळी ताईला धाप लागली. डॉक्टरांनी लगेच दवाखान्यात हलवायला सांगितलं. "भाऊ सांगेल तिथेच जाणार," ताई म्हणाली. पेपरात ठळक छापलं होतं: मोठ्या दवाखान्यात ऑक्सिजन मुबलक. पडदेवाल्यांनी कामावरूनच तिथे जायला अ‍ॅम्ब्युलन्स ठरवून दिली. तेवढ्यात दाजींचा फोन आला.

"मेव्हणे, तिथला ऑक्सिजन संपत आलाय. मेसेज पाठवलाय, बघा तरी!"

"दाजी, तुमचे मेसेज बघत बसलो तर ताईलाही गुळण्याच करायला लावीन."

"मस्करी नंतर करा हो. बायको माझी आहे!"

फोन बंद झाला. बाहेर एक ट्रक काट्यावर चढला. चालक काहीतरी ओरडत होता; पडद्याखालून नुसती चाकं दिसत होती. पडदेवाले थबकले. आपण बातमी तोललीच नव्हती, दाजींना तोललं होतं. आणि पेपर रोज घरी येतो म्हणून त्याला काट्यावर चढवलंच नव्हतं.

त्यांनी पेपर पुन्हा उघडला. 'मुबलक' म्हणणारा दवाखान्याचाच व्यवस्थापक होता. त्यांनी दाजींना फोन लावला.

"मेसेज कुणाचा?"

"माझ्या भाच्याचा. तिथेच वॉर्डात सिलिंडर बदलतो तो."

भाचा फोनवर दबक्या आवाजात बोलला. "नवे सिलिंडर आलेच नाहीत. माझ्याच हातचं काम आहे, मला नाही कळणार?"

यात त्याचा फायदा काहीच नव्हता. कुणाला कळलं असतं तर नोकरीच गेली असती. तरी पडदेवाल्यांनी अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यालाही विचारलं.

"आत्ताच एका पेशंटला तिथून माघारी आणलं," तो म्हणाला.

मग स्टेशनमागच्या छोट्या दवाखान्यात फोन करून त्यांनी ऑक्सिजनची खाट पक्की केली आणि गाडी तिकडे वळवली.

संध्याकाळपर्यंत ताईचा श्वास जरा स्थिरावला. दाराबाहेर दाजी म्हणाले, "मग? आता वाचाल ना माझे मेसेज?"

"वाचेन. पण कुणाचा आहे ते आधी सांगायचं."

"सांगेन की," दाजी म्हणाले आणि दाराच्या काचेतून ताईकडे बघत राहिले.