बंद मागांचं सर्वेक्षण

पत्रकात मी ठणकावून लिहिलं होतं: वडगावच्या विणकर गल्लीत आम्ही रँडम सर्वेक्षण केलं, गेलो त्या प्रत्येक घरात माग बंद! विणकरांना वीजसवलत द्या, एवढीच मागणी. संध्याकाळी पत्रक छापायला जायचं होतं आणि सकाळी मोर्चातून अधिकाऱ्यांच्या हातात.

टिळकवाडीत राहणाऱ्या आमच्या कॉलेजच्या बाईंना मसुदा दाखवला. त्यांनी विचारलं, "घरं कशी निवडलीत?"

"निवडलीच नाहीत. दिसेल त्या घरी गेलो. म्हणून तर रँडम."

"वाटेल तिथं शिरणं म्हणजे रँडम नव्हे गं. गल्लीतल्या प्रत्येक घराला निवडलं जायची सारखी संधी हवी. तशी होती?"

माझं डोकं फिरलं. लोकांचे माग थंड पडलेत आणि ह्यांना शब्दाची पडलीय! आणखी चार घरं बघून बाईंना खोटं ठरवायचं म्हणून तणतणत वडगाव गाठलं. बरोबर आमच्या चळवळीतला मित्र, विणकराच्याच घरातला. पहिल्याच दारात मागाचा खडखडाट. तो सवयीनं म्हणाला, "पुढं चल गं. हितं बोललेलं काय ऐकू येत न्हाय."

मी जागीच थांबले. सगळं सर्वेक्षण आम्ही असंच केलं होतं. आवाजाचं घर सोडायचं, शांत घराची कडी वाजवायची. शांत घर म्हणजे बंद माग. मग दुसरं काय सापडणार होतं?

"त्यो रँडम शब्द खोड की," मित्र म्हणाला. "मोर्चात कोण इचारतंय?"

"अधिकारी विचारतील. एक चालू माग दाखवतील आणि आपल्याला खोटं पाडतील."

"लई शहाणी झालीस."

तरी त्यानंच डोक्यावरचं हेल्मेट काढून पुढं केलं. गल्लीतल्या सगळ्या घरांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून त्यात टाकले, हलवले. पहिलीच चिठ्ठी चालू मागाची निघाली. मालक माग थांबवायला तयार नाही. मी त्याच्या कानाशी ओरडले, "आप्पा, काम हाय का?"

"हाय की! बरं चाललंय!" तोही ओरडला.

 बाहेर आल्यावर मित्र हळूच म्हणाला, "हे बी लिवायचं?"

"लिहायचं."

प्रेसवाल्याचा फोन वाजत होता. पत्रकाची पहिलीच ओळ आता खोटी ठरली होती आणि नवी सुचत नव्हती. मी फोन उचलला नाही.

"पुढची चिठ्ठी काढ," मित्राला म्हणाले.