लालसू गायत्याची साक्ष आणि बंद पडलेला संगणक

अर्जदार : वामन सीताराम गुरनुले, अर्जनवीस, तालुक्याच्या कार्यालयाच्या फाटकाबाहेरील टपरी.

जिच्यासाठी अर्ज : रैजी मुरा उसेंडी, राहणार जंगलातले गाव, व्यवसाय धानशेती.

ज्यांच्याविषयी तक्रार : कार्यालयाचा शिपाई जगदीश, जिल्ह्याच्या गावी संगणक दुरुस्त करणारा पंकज, आणि सुनावणी घेणारे साहेब, ज्यांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

घटनेचा काळ : मृग लागण्याआधीचा आठवडा, सोमवार ते शुक्रवार.

साक्षीदार : शेजारचा चहावाला देवराव. दुसरा साक्षीदार लालसू गायता. तो हयात नाही, आणि प्रकरण त्याच्याविषयीच आहे.

मंगळवारी सकाळी मी टपरी उघडून संगणकाचे बटण दाबले. पडद्यावर अक्षरे आली : दुरुस्तीची तयारी सुरू आहे. मग : तपासणी सुरू आहे. मग : दुरुस्ती करता आली नाही. खाली दोन बटणे होती. एक पुन्हा सुरू करण्याचे, दुसरे इतर पर्यायांचे. मी पहिले दाबले. थोड्या वेळाने तीच अक्षरे त्याच क्रमाने आली.

देवराव चहा घेऊन आला.

"काऊन भाऊ, आज टायपिंग बंद दिसते?"

"रिपेअर चालू आहे."

"कोन करून राह्यला?"

"तो स्वतःच."

"मंग त त्याचा चहा वाचला," असे म्हणून तो कप ठेवून गेला.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि या तालुक्यात माझ्या हातचा अर्ज ओळखला जातो, आणि माझ्या मसुद्यातील चूक काढणारा लिपिक मी अद्याप पाहिलेला नाही. टाइपरायटर गेला तेव्हा मी संगणक स्वतःच शिकलो. म्हणून झालेला बिघाड मी साध्या शब्दांत सांगू शकतो. संगणक सुरू होताना आधी स्वतःच्या काही ठरावीक फाइली वाचतो. त्या मोडलेल्या असतील तर तो स्वतःच दुरुस्तीला बसतो. दुरुस्ती जमली नाही तर पुन्हा सुरू होतो, पुन्हा त्याच मोडक्या फाइली वाचतो आणि पुन्हा दुरुस्तीला बसतो. यास स्टार्टअप रिपेअर लूप म्हणतात. माणूस थकून बटण दाबणे सोडतो, संगणक थकत नाही.

फाइली मोडल्या त्या सोमवारी संध्याकाळी. माझ्या टपरीला वीज कार्यालयाच्या वायरीवरून मिळते. तशी लेखी परवानगी आहे. कार्यालय बंद होताना शिपाई मेन स्विच पाडतो, कारण पूर्वी एकदा रेकॉर्ड रूममध्ये वायर जळाली होती. सोमवारी त्याच वेळी माझ्या संगणकावर अपडेट चालू झाला. अपडेट म्हणजे संगणकाचे स्वतःचे सामान बदलणे. तेव्हा पडद्यावर स्पष्ट लिहून येते की संगणक बंद करू नका. माझा यूपीएस थोडाच वेळ तग धरतो. मी धावत जगदीशकडे गेलो.

"जगदीश, जरा थांब. अपडेट चालू आहे."

"साहेबाचा हुकूम हाय भाऊ. लाइट राह्यली न आग लागली, त जबाब मले पुसतीन. तुम्हाले थोडी पुसतीन?"

"मी उन्हाळ्याच्या आधीच अर्ज दिला आहे, मेन पाडण्यापूर्वी मला कळवावे म्हणून. त्याची पोच माझ्याकडे आहे."

"मंग पोच लावा ना संगणकाले," जगदीश म्हणाला आणि त्याने खटका पाडला.

पोच म्हणजे काय, हेही सांगतो. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्यायची. अर्ज मिळाल्याचा तो पुरावा. आमच्या धंद्याची इमारत पोचेवर उभी आहे.

आता रैजीबाईविषयी. तिचे शेत जंगलाला लागून आहे. ते तिने आणि तिच्या नवऱ्याने तोडून, बांध घालून केले. नवरा गेल्यानंतर ती एकटी कसते. वनहक्काच्या कायद्यात ठरवून दिलेल्या तारखेच्या आधीपासून जमीन कसत असल्याचे दाखवले, तर तिचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळतो. कागद नसेल तर गावातील वडीलधाऱ्याची साक्ष चालते. लालसू हा त्या गावाचा गायता, म्हणजे गावाचा प्रमुख. त्याची साक्ष मी लिहून अर्जाला जोडली होती, खाली त्याचा अंगठा होता. अर्ज दिल्यानंतर लालसू वारला.

पहिल्या सुनावणीत वनरक्षकाने सांगितले की शेत नवीन अतिक्रमण आहे आणि साक्ष अर्जनवीसाने घरी बसून रचली आहे. माझ्यासमोर म्हणाला. मी साहेबांना सांगितले की साक्ष घेताना मी मोबाईलवर व्हिडिओ केला आहे. लालसू त्याच शेताच्या बांधावर उभा राहून माडिया बोलीत बोलतो आहे. कोणता बांध आधी घातला, कोणता नंतर, कुठल्या खोडाला आग लावून किती दिवस जाळावे लागले, सर्व सांगतो आहे. शेवटी रैजीकडे हात करून हसतो आणि म्हणतो की हिच्या हाताच्या फोडांना मीच पाला लावला होता. असे मला रचता येत नाही. माझी भाषा वेगळी आहे.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या तारखेला व्हिडिओ दाखवा. मग बघू."

पुढची तारीख शुक्रवारची होती. व्हिडिओ फार लांब असल्यामुळे मोबाईलमध्ये ठेवता आला नव्हता. तो संगणकात होता.

मंगळवारी दुपारी रैजीबाई आली. तारखेसाठी ती दोन-तीन दिवस आधीच येते, कारण गाडीचा भरवसा नसतो. ती टपरीच्या फळीवर बसली आणि पडद्याकडे पाहू लागली.

"बुढा अंदर हाय ना भाऊ?"

"आहे."

"मंग भेव नाई," ती म्हणाली आणि पदरात बांधलेली चारोळी काढून खाऊ लागली.

मी खोटे बोललो नव्हतो. तोपर्यंत मी क्रमाने सर्व करून पाहिले होते. प्रिंटर आणि इतर वायरी काढल्या. सेफ मोड, म्हणजे कमीत कमी सामानावर संगणक चालवणे, तेही केले. तो पुन्हा दुरुस्तीवर आला. शेवटचा अपडेट काढून टाकण्याचा पर्याय दाबला. काढता आला नाही असे उत्तर आले. पूर्वीच्या चांगल्या दिवसावर परत जाण्याची सोय असते, परंतु तसा दिवस संगणकाने नोंदवूनच ठेवला नव्हता. मग मी काळा पडदा उघडला, ज्यावर फक्त अक्षरांनी आज्ञा देता येते. फाइलींची नावे दाखव असा हुकूम दिला. नावे आली. त्यांत लालसूची फाइल होती, पूर्ण आकाराची. संगणक सुरू होत नव्हता, पण साक्ष शाबूत होती.

ती पेनड्राइव्हवर उतरवण्याचा हुकूम दिला. पेनड्राइव्हने नाकारले. एका मर्यादेपलीकडची मोठी फाइल तो घेत नाही, जागा रिकामी असली तरी. मला तेव्हा एवढेच कळले की येथे अधिक हात लावणे योग्य नाही. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फाइल आधी काढून घ्यावी, दुरुस्ती नंतर करावी, हा सरळ मार्ग होता. कार्यालयात तशी वायर आहे. मी ऑपरेटरला विनंती केली. त्याने सांगितले, बाहेरची डिस्क लावायची मनाई आहे, साहेबांकडे अर्ज द्या. साहेब दौऱ्यावर होते.

बुधवारी मी संगणकाचा डबा गोणपाटात गुंडाळून एसटीने जिल्ह्याच्या गावी नेला. कंडक्टरने त्याचे अर्धे तिकीट मागितले, तेही फाडले. पंकजचे दुकान नावाजलेले आहे. तेथे गर्दी होती. मी कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिले : यातील लालसू नावाची फाइल प्रथम बाहेर काढावी. ती काढल्याशिवाय कोणतीही दुरुस्ती करू नये. शुक्रवारी सुनावणी असल्याने उद्याच हवी, एका गरीब बाईचे शेत तीवर अवलंबून आहे. हा कागद डब्याला चिकटवला. प्रत पंकजपुढे ठेवली.

"यावर सही करा."

"कायची?"

"वाचा आणि सही करा."

"काका, टेन्शन नका घेऊ. दिवसाले असे दहा बनवतो मी." त्याने मोबाईल कानाशी धरून सही केली. मी ती घडी करून खिशात ठेवली आणि निश्चिंत मनाने परतलो.

गुरुवारी डबा घ्यायला गेलो. पंकजने तो पुसून ठेवला होता. माझा चिकटवलेला कागद डब्यावर तसाच होता. त्याने बटण दाबले. दुरुस्तीची अक्षरे आली नाहीत. क्षणात स्वच्छ पडदा आला, हिरवे डोंगर आणि निळे आकाश.

"पाहा, मख्खन चालून राह्यला."

"फाइल?"

"कोणती?"

मी खिशातील कागद उघडून त्याच्यापुढे ठेवला. त्याने या वेळी वाचला. मग डब्यावरचा वाचला. दुकानातील माणसे आमच्याकडे पाहू लागली.

"दोन ऑप्शन असतात काका. फाइली ठेवून रिसेट, नाई त पूर्ण क्लीन. ठेवून केला त मधातच अटकला. म्हणून क्लीन मारला. मले वाटलं गाणे-पिक्चर असतीन."

"सही तुमची आहे."

"हो, हाय ना माझी," तो म्हणाला. नाकारले नाही, एवढे मी त्याच्या बाजूने नमूद करतो. पुसलेली फाइल परत मिळवणारा एक प्रोग्राम त्याने चालवला. पुसलेले तेव्हाच नाहीसे होत नाही. त्यावर नवीन लिहिले गेले की होते. येथे नवीन सिस्टीम लिहून झाली होती. लालसूचे नाव सापडले. त्यावर क्लिक केले तर काहीच उघडले नाही.

शुक्रवारी सुनावणी झाली. रैजीबाई धुतलेले लुगडे नेसून आली होती. बाहेर बाकावर मी तिला सर्व सांगितले. तिने फक्त विचारले, "बुढा मेला का मंग, अंदरबी?" तेवढ्यात आमचा पुकारा झाला.

साहेबांनी विचारले, "व्हिडिओ?"

मी बिघाड, मेन स्विच, अपडेट, दुकान, सर्व क्रमाने सांगितले. पंकजची सही दाखवली.

वनरक्षक भिंतीजवळ उभा होता. "म्या त आधीच म्हटलं होतं साहेब. असता, त दाखवला असता."

रैजीबाई उठली. "मी होती तिथी. हे भाऊ होते. आमी दोघं सांगून राह्यलो ना."

"तुम्ही स्वतः दावेदार आहात, बाई. आणि यांच्यावरच आक्षेप आहे," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात, "गुरनुले, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मी विश्वास लिहू शकत नाही."

त्यांनी लिहिले : संधी देऊनही पुरावा सादर केला नाही. दावा अमान्य.

या धंद्यात एवढी वर्षे घालवून मी एक गोष्ट आता शिकलो. पोच ही कागद मिळाल्याची असते, वाचल्याची नसते. जगदीशच्या कार्यालयाने माझा अर्ज घेतला, पंकजने घेतला, दोघांनी सही दिली, दोघांनी वाचला नाही. न वाचता सही करण्याची सवय या फाटकातून बाहेर गावभर गेली आहे आणि तिला कोणताही रिपेअर लागू पडत नाही. यापुढे माझ्याकडे येणाऱ्याला मी सांगतो, समोरच्याकडून अर्ज मोठ्याने वाचून घ्या. लोक मला विक्षिप्त म्हणतात. म्हणोत.

सबब, हे वाचणाऱ्या सर्व सक्षम अधिकाऱ्यांस विनंती करण्यात येते की, रैजी मुरा उसेंडी हिचे म्हणणे आणि माझे म्हणणे शेताच्या बांधावर येऊन घ्यावे. बांध अद्याप जागेवर आहेत, त्यांचे वय जाणकारास ओळखता येते. निकालानंतर त्या शेतात वनखात्याने रोपवनाच्या खड्ड्यांसाठी चुन्याच्या खुणा टाकलेल्या आहेत. त्याच शेताच्या कोपऱ्यात तिने धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपे, टाकले असून ते वीतभर झाले आहेत. ते दुसरीकडे लावण्यास तिच्याकडे जमीन नाही. तरी होकार असो वा नकार, लेखी उत्तर रोवणीच्या, म्हणजे ही रोपे लावण्याच्या, आधी मिळावे. रोवणीनंतर आलेल्या उत्तराचा तिला उपयोग नाही.