खिशातला चष्मा

राळेगावकडे घरोघर जाऊन आम्ही पोरांचं वाचन-गणित तपासतो. या कामातले माझे जोडीदार एसटीचे निवृत्त कंडक्टर. पोरगं वाचताना अडखळलं, की म्हणतात, "चाल, पुढं चाल, गाडी रिकामी हाय!"

परवा एक बाप पोरीला सारखी उत्तरं सुचवत होता. यांनी डोळ्यांवरचा चष्मा हळूच खिशात टाकला आणि दुसरा कागद त्याच्या हाती दिला. "दादा, हा भागाकार करून द्या बरं. मी चष्मा घरीच विसरलो."

बाप पेन्सिल घेऊन बाजेवर बसला. पोरगी गोष्ट वाचून, भागाकार करून मोकळी झाली, तरी त्याचं चालूच. ती हळूच त्याच्या कानाशी वाकली, तसे हे गरजले, "सांगू नको, माय! त्याइचं त्याइले करू दे!"