गिऱ्हाइकांना जागा नाही!

एका गुरुवारी संध्याकाळी माझं कॉफीशॉप इतकं भरलं होतं की दारातून माणसं परत जात होती, आणि आत एकही गिऱ्हाईक नव्हतं.

हे कोडं नाही. हा माझ्या बायकोच्या माहेरचा पराक्रम आहे. (बायकोच्या मते माझा. तिच्या मताला आमच्या घरात मान आहे, म्हणून निदान कंसात तरी नोंदवतो.)

मी मूळचा रत्नागिरीकडचा. धाहरानजवळच्या एका कंपनीच्या गोदामात वर्षानुवर्षं नटबोल्ट सांभाळले आणि मग एक दिवस वाटलं, बास! आता आपलं काहीतरी करायचं. अबू माजिद नावाच्या ओळखीच्या सौदी गृहस्थांना भागीदार घेतलं आणि अल खोबरमध्ये, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, कॉफीशॉप टाकलं. इथिओपियाच्या बिया आणल्या. इटलीचं मशीन आणलं. काउंटरवर रीम नावाची सौदी मुलगी ठेवली. ती कॉफीवर पाणी ओतताना अशी श्वास रोखून उभी राहते, की बघणाऱ्याला वाटावं आत कुणाचं तरी ऑपरेशन चाललंय. सगळं आलं. गिऱ्हाईक तेवढं येईना!

म्हणजे दुकानासमोर माणसं थांबायची. मी लगबगीने उठायचो. ती माझ्या काचेत बघून डोक्यावरचा गुत्रा, म्हणजे अरबी रुमाल, नीट करायची, त्याची टोकं ऐटीत मागे टाकायची आणि पुढच्या कॉफीशॉपमध्ये जायची! एवढी मोठी काच मी काय गावाला आरसा म्हणून बसवली होती? जे चुकून आत शिरायचे त्यांची तऱ्हा आणखी निराळी. एका तरुणाने कॉफी घेतली, लग्नात नवरीचे काढत नाहीत इतके तिचे फोटो काढले आणि शेवटी एक घोट घेऊन मलाच म्हणाला, "कॉफी थंड आहे."

मी काही बोललो नाही. (म्हणजे जे बोललो ते मराठीत बोललो.)

अबू माजिद सभ्य माणूस. त्याने सगळं बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "युसूफ, रमजानपर्यंत थांबू. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर खलास." खलास म्हणजे संपलं. शटर खाली. आणि मी पुन्हा कुणाच्या तरी गोदामात, बोल्टांच्या सहवासात. त्या विचाराने माझी झोप उडाली.

अशा वेळी सल्ला द्यायला पाटणकर धावून आले. पाटणकर आमच्याच इमारतीत राहतात. पुण्याचे, तेल कंपनीत इंजिनियर. तेल सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर त्यांचा अधिकार.

"युसूफभाई, प्रॉब्लेम तुमच्या कॉफीत नाही," ते म्हणाले. "रिकाम्या दुकानात माणूस शिरत नाही. आत गर्दी दिसली की आपोआप शिरतो. साधं मानसशास्त्र आहे."

"पण गर्दी आणू कुठून?"

"नातेवाईक नाहीत तुम्हाला?"

नातेवाईक! माझ्या बायकोला, नसीमला, या एका बाबतीत अल्लाने भरभरून दिलंय. तिचे हुसेनमामू तीस-पस्तीस वर्षांपासून दम्मामला असतात, आणि त्यांनी गावाकडून एकेक करत अख्खं खानदान आणून आसपास वसवलंय. मी फोन उचलला तशी नसीम म्हणाली, "मामूंना नका बोलावू."

"का? छान बसतील चार तास."

"तेच सांगतेय. ते बसतात."

"मला बसणारीच माणसं हवीयत!"

"मग बोलवा," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बायको इतक्या लवकर मान्य करते तेव्हा माणसाने सावध व्हायला हवं. मी नंबर लावला.

गुरुवार म्हणजे आमच्याकडे आठवड्याची अखेर, सगळं खोबर संध्याकाळी बाहेर पडतं. अस्रच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर तीन गाड्या भरून मंडळी आली; नसीम आणि पाटणकरही हजर होते. मी दारातच सूचना दिल्या, "आरामात बसायचं, खूश दिसायचं, आणि मी सांगेपर्यंत उठायचं नाही." हे शेवटचं वाक्य मी उच्चारलं, याचा मला आजही संताप येतो.

मामूंनी खिडकीतलं सगळ्यात देखणं टेबल पकडलं, चपला काढल्या आणि खुर्चीवर मांडी घातली. रीमने नजाकतीने बनवलेली कॉफी त्यांनी चाखली. "युसूफ, ही करपलीय."

"मामू, ती तशीच असते."

"दूध नाही घालत? साखर? काय रे, धंदा बरा चाललाय ना?"

मामींनी तोवर पिशवीतून डबे काढले. घावणे, सांदणं, इथपर्यंत माझी हरकत नव्हती. पण तिसऱ्या डब्यात सुक्या जवळ्याची चटणी होती! झाकण उघडलं, आणि इथिओपियाच्या बियांच्या चमेलीसारख्या मंद सुगंधावर रत्नागिरीचं बंदर चाल करून आलं. रीम काउंटरमागून हवेत नाक फिरवत माझ्याकडे आली आणि तिने गंभीरपणे विचारलं, "नवीन बिया आल्या का?"

इकडे मुलांनी गृहपाठ पसरला आणि भिंतीतले सगळे प्लग चार्जर लावून अडवले. पाटणकर लॅपटॉप उघडून एकट्याने चौघांचं टेबल घेऊन बसले आणि कानात इअरफोन घालून कंपनीच्या मीटिंगमध्ये ओरडू लागले, "प्रेशर वाढतंय! कुणीतरी व्हॉल्व्ह बघा!" सगळं दुकान दचकून मशीनकडे बघायला लागलं.

आणि तेवढ्यात मानसशास्त्र लागू पडलं! खरंच पडलं! काचेत गुत्रा नीट करणारा एक जण आत डोकावला, थबकला आणि चक्क दार ढकलून आला. मागोमाग चार मुली आल्या. एक कुटुंब आलं. सगळ्यांनी जागा शोधली, मिळाली नाही आणि सगळे परत गेले! दाराबाहेर घोळका जमला. गर्दी बघून आणखी गर्दी. माझ्या आयुष्यातली पहिली खरी गिऱ्हाइकं माझ्या डोळ्यांदेखत माझ्याच सासुरवाडीने अडवून धरली होती!

मी धावत मामूंकडे गेलो. "मामू, आता उठा."

"तूच म्हणालास ना, उठायचं नाही?"

"मी सांगेपर्यंत म्हणालो होतो. आता सांगतोय!"

"मांडी घातली की लगेच उठता येत नाही मला. गुडघे आहेत."

"मामी, निदान तुम्ही..."

मामींचा घास हातात राहिला. "बोलावून घेतोस आणि जेवणावरून उठवतोस? नसीम, ऐकतेयस ना?"

नसीम ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर जो भाव होता त्याला हसू म्हणता येणार नाही, कारण तसं म्हटलं तर मला पुन्हा जेवण मिळणार नाही.

मी पाटणकरांकडे वळलो. त्यांनी माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं: मीटिंग चालू आहे. माझी कॉफी, माझी खुर्ची, माझी वीज, आणि बोट मलाच! माझं डोकं सटकलं. मी दुकानाच्या मध्यभागी उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि छताकडे बघून गरजलो, "खलास! यल्ला! सगळे बाहेर! खलास!"

मग दाराबाहेरच्या सगळ्या घोळक्याने एकमेकांकडे बघितलं, दुकान बंद झालं असं समजून पाठ फिरवली आणि तो समंजसपणे निघून गेला. आत कुणी तसूभरही हललं नाही. मामूंनी जाणाऱ्यांना हात हलवून निरोप दिला आणि मला म्हणाले, "बरं केलंस. फार गोंगाट करत होते."

मी काउंटरमागे जमिनीवर बसलो. खुर्ची नव्हती.

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी माझी मुलगी झारा फोन नाचवत आली. "अब्बा, यू आर फेमस! पूरा स्कूल देख रहा है!" बाहेरच्या घोळक्यातल्या कुणा पोराने सगळं व्हिडिओत टिपून टाकलं होतं. खाली अरबीत लिहिलं होतं: खोबरमध्ये एक हिंदी, म्हणजे भारतीय, कॉफीवाला आहे, त्याला गिऱ्हाइकांचा राग येतो.

गिऱ्हाइकांचा? अरे, ते गिऱ्हाईक नव्हते! ते माझे मामेसासरे होते! पण हे समजावून सांगणार कुणाला आणि किती जणांना?

संध्याकाळी दुकान भरलं. या वेळी खऱ्या माणसांनी. ते कॉफी घ्यायचे, बसायचे आणि आशेने माझ्याकडे बघायचे. एकाने धीर करून विचारलं, "आम्हाला कधी हाकलणार?"

"मी कुणालाही हाकलत नाही!" मी ओरडलो. टाळ्या पडल्या. दहा फोन वर झाले. मी आणखी चिडलो, ते आणखी खूश. एक बाई तर रियाधहून आलेल्या बहिणीला मुद्दाम घेऊन आल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, हा काय तमाशा आहे, मी प्रतिष्ठित माणूस आहे! बहिणीने डोळे पुसत आणखी दोन कॉफ्या मागवल्या.

रमजान आला नि गेला, दुकान चालूच आहे. अबू माजिद मला भेटला की आधी काळजीने विचारतो, "आज मूड कसा आहे?" मी बरा म्हणालो की त्याचा चेहरा पडतो. आणि नसीम, जी लग्नापासून मला डोकं थंड ठेवायला सांगत आली, ती हल्ली निघताना हळूच म्हणते, "आज गुरुवार आहे हं. जरा मनावर घ्या."

पण माणूस रोज चिडणार तरी किती? परवा मी ठरवून शांत राहिलो. एका गृहस्थांना स्वतः खुर्ची ओढून दिली, कॉफी नेऊन ठेवली, हसून हवापाणी विचारलं आणि दारापर्यंत सोडायला गेलो. रात्री झाराने त्यांचा अभिप्राय वाचून दाखवला:

"कॉफी उत्तम. पण मालक बदललेला दिसतो. नवा माणूस अगदीच सामान्य आहे."